आत्यांचं चौथं मत

आपल्या देशात लोकशाही नेमकी कुणामुळे टिकून आहे, याबद्दल विद्वानांची निरनिराळी मतं आहेत. मी त्या वादात पडत नाही. माझ्यापुरता हा प्रश्न लग्न झालं तेव्हाच सुटला. ती बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, माझ्या बायकोच्या आत्यांमुळे टिकून आहे. बाकीचे आपण सगळे तिला हातभार लावतो, इतकंच.

आमच्या लग्नात स्टेजवर आहेर द्यायला आलेल्या आत्यांनी नव्या नवरीच्या कानात विचारलं, "नाव बदलून घेतलंस का गं?" बायको लाजून म्हणाली, "नाही आत्या, माहेरचंच ठेवणार आहे." आत्या वैतागल्या. "अगं, ते काय हवं ते ठेव. मतदार यादीतलं विचारतेय. आता तू कोथरूडला राहणार ना?" मागे आहेराची रांग खोळंबली होती आणि आत्या तिला नाव कसं हलवायचं, पत्त्याचा पुरावा कुठला चालतो, हे समजावत होत्या. "आणि ओळखपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ओळखपत्र असतं आणि यादीत नाव नसतं, असे शहाणे मी रांगेतून परत जाताना पाहिलेत." मग माझ्याकडे वळून, "तुमचं आहे ना हो, जावईबापू?" मी आहे म्हणालो. आहे की नाही, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते गुपचूप तपासलं.

मतदान म्हणजे त्यांच्या घरचं कार्यच. आदल्या दिवशी साडीला इस्त्री. त्याच दिवशी संध्याकाळी केंद्राची पाहणी. खोली कितवी, पायऱ्या किती उंच, उभं राहायला सावली कुठे, हे सगळं बघून झालं की नात्यातल्या प्रत्येकाला फोन. "केंद्र तेच आहे असं समजू नका, या वेळी बदललंय. मोबाईल आत नेता येणार नाही. आणि चिठ्ठी घरपोच येईल म्हणून वाट बघत बसू नका, आपण शोधा." सकाळी केंद्र उघडायच्या आधी त्या रांगेत पहिल्या. एकदा पळायच्या बुटांतला एक तरुण त्यांच्याही आधी येऊन उभा होता. आत्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मतदानाला आलात की व्यायामाला?" तो म्हणाला, "दोन्ही, आजी." "मग आधी व्यायाम उरका. तोवर मी आहे इथे." त्या बिचाऱ्याने खरोखरच केंद्राच्या शाळेला एक फेरी मारली.

पण या सगळ्याहून त्यांना प्रिय होती ती गुप्तता. आत्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ऑपरेटर म्हणून झाली. ट्रंककॉलच्या काळात पुण्यातली कितीतरी लग्नं जमताना आणि मोडताना त्यांच्या कानांवरून गेली असतील; पण त्यातला एक शब्द त्यांनी कधी घरी आणला नाही. तीच शिस्त मताला. उमेदवारांची माणसं दारात आली की प्रत्येकाला पाणी आणि एकच वाक्य : "तुमचा निरोप पोचला." दिवाळीच्या फराळाला घरात दोन तट पडून चकलीपेक्षा जास्त कुरकुर सुरू झाली, तरी आत्या शांतपणे चहा पीत. आमच्या सासऱ्यांची, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाची, पक्की खात्री की ताई आपल्याच बाजूची. सासऱ्यांच्या कट्टर विरोधातल्या माझ्या मेहुण्याचीही तीच खात्री. कुणी फारच खोदून विचारलं, की आत्या म्हणत, "लाईन बिझी आहे. थोड्या वेळाने प्रयत्न करा." तो थोडा वेळ काही कधी आला नाही.

वय पंच्याऐंशीच्या पुढे गेलं तेव्हा विधानसभेला त्यांना घरून मत द्यायची सोय मिळाली. अर्ज भरून झाला आणि एके सकाळी अधिकारी, त्यांचे सहायक, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा असा सगळा लवाजमा दारात आला. आत्यांनी त्यांना आधी बाहेर बसवलं, कारण साडी बदलायची होती. मग टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. आत्यांनी चित्रीकरणवाल्याला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरकवलं, पोलिसाला तोंड फिरवायला लावलं आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. अधिकारी म्हणाले, "आजी, तिकडून कोण बघणार? कबुतर आहे फक्त." "कबुतराचं काय सांगता येतं?" मग भिंग धरून त्यांनी मतपत्रिकेवर खूण केली, घडी घातली, पाकिटात पाकीट घातलं आणि ते डकवून स्वतःच्या हातांनी पेटीत टाकलं. सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं. तरी दुपारी त्यांचा मला फोन. "सोय चांगली आहे हो. अंथरुणाला खिळलेल्यांना तर हवीच. पण मला आपलं, लग्न लागलं आणि अक्षता कुणी टाकल्याच नाहीत, असं वाटतंय."

त्यानंतर त्यांचे डोळे भराभर गेले. नजरेच्या मधोमध एक करडा ठिपका बसला आणि तो पसरत गेला. कडेकडेचं तेवढं दिसे. आपल्याशी बोलताना त्या आपल्या खांद्यापलीकडे बघत, म्हणजे कडेने आपण थोडेफार दिसावेत. "तुमचे कान दिसतात," त्या मला म्हणाल्या, "मधलं सगळं गेलं. विशेष नुकसान नाही म्हणा."

आणि बरीच वर्षं रखडलेली महापालिकेची निवडणूक नेमकी आता लागली. प्रभागात चार जागा, म्हणजे प्रत्येकाने चार मतं द्यायची. आत्यांनी फोन करून चौकशी केली, तेव्हा कळलं की या निवडणुकीला घरून मत देता येणार नाही, केंद्रावरच यावं लागेल. "मग येते की," त्या म्हणाल्या. त्यात त्यांना आनंदच होता. पण फोनवरच्या बाईंनी पुढे सांगितलं, की दिसत नसेल तर सोबत एक सज्ञान माणूस आणता येईल. आजींनी त्याला मत सांगायचं, तो बटण दाबेल आणि कुणाला सांगणार नाही असं लिहून देईल.

आत्यांनी फोन ठेवला आणि त्यानंतर काही दिवस कुणालाच फोन केला नाही. असं कधी झालं नव्हतं. आम्ही काळजीने गेलो, तर त्या गॅलरीत बसलेल्या. "म्हणजे मी तोंडाने सांगायचं," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर नाही सांगितलं. भावाला नाही, आईला नाही. आणि आता सांगायचं, तेही कुणीतरी लिहून देणार म्हणून." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

सोबत यायला घरातली झाडून सगळी तयार होती. सेवाभाव होता, नाही असं नाही. पण उत्सुकता त्याच्या चौपट होती. सासरे म्हणाले, मी सख्खा भाऊ. मेहुणा म्हणाला, मी गाडी घेऊन येतो. माझी बायको नुसतीच गोड हसली. आत्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "मी एकटी आत जाणार. अगदीच अडलं, तर जावईबापू." मी सुखावलो. म्हटलं, "माझ्यावर एवढा विश्वास, आत्या?" "विश्वासाचं नाही हो. तुमच्या लक्षात काही राहत नाही."

मग तयारी सुरू झाली. एक्स्चेंजमध्ये त्यांच्या शेजारी बसणारे एक जन्मांध ऑपरेटर होते, आता निवृत्त होऊन हडपसरला मुलाकडे राहतात. आत्यांनी त्यांना बोलावून घेतलं. ते सुनेबरोबर बसने आले. दोघांची गाठ कित्येक वर्षांनी पडत होती. आत्या म्हणाल्या, "या. आता आपण दोघं एकाच बोर्डावर." ते मोठ्याने हसले. माझ्या बायकोने मिठाईच्या खोक्यांच्या झाकणांवर कोटाची जुनी बटणं ओळीने चिकटवून दिली. पाहुण्यांनी आत्यांचा हात हातात घेऊन शिकवायला सुरुवात केली. "वरच्या कडेपासून निघायचं, ताई. बोट उचलायचं नाही. उचललं की हरवलात. सरकवत मोजत यायचं." आत्या चुकत, पुन्हा वरच्या कडेला जात. उमेदवारांचे क्रमांक त्यांना पाठ करायचे होते, पण मला सुगावा लागू द्यायचा नव्हता. त्यामुळे चारही जागांची सगळी नावं मी रोज वाचून दाखवायची, एकसारख्या आवाजात. कुठे श्वास घ्यायला थांबलो तरी ओरडा बसे. "तिथे का थांबलात? मला वाटेल, तुम्हाला काहीतरी सुचवायचंय."

मतदानाच्या दिवशी सकाळी इस्त्रीची साडी नेसून, माझा हात धरून आत्या शाळेत पोचल्या. रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढे सोडलं, ते त्यांना फारसं आवडलं नाही. ओळख पटवली, बोटाला शाई लागली. केंद्राध्यक्षांनी सोबत्याबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे दारात उभे राहतील. लागले तर हाक मारीन." आणि यंत्राच्या टेबलाशी जाऊन पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभ्या राहिल्या.

चारही मतं झाली की यंत्र मोठ्याने वाजतं. आम्ही सगळे त्या आवाजाची वाट बघत होतो. तो येईना. मागची रांग वाढत चालली. कुणीतरी पुटपुटलं, तशी कानात डूल घातलेली एक मुलगी त्याला म्हणाली, "काका, चिल! आजी एकट्या ट्राय करतायत ना." आडोशाच्या वर मला फक्त आत्यांचा पांढरा अंबाडा दिसत होता. तो जरासा हलत होता. केंद्राध्यक्ष अगदी मऊपणे म्हणाले, "आजी, आवाज आला नाही. एखादं राहिलं असेल."

"माहीत आहे मला," आतून आवाज आला. अंबाडा पुन्हा हलला. मग, "जावईबापू, या."

मी सही केली आणि आत गेलो. आत्या घामेजल्या होत्या. टेबलावर दोन यंत्रं होती. कडेच्या नजरेने त्यांना दाबलेल्या बटणांशेजारच्या दिव्यांचे लाल ठिपके तेवढे दिसले होते. "तीन झालीत," त्या कुजबुजल्या. "खालचं एक सापडत नाही. बोट उचललं गेलं." मी यंत्राकडे बघायला वाकलो आणि थबकलो. मला हाक मारायच्या आधी आत्यांनी झालेल्या मतांच्या दिव्यांवर नीट पदर पसरला होता. शेवटच्या जागेची बटणं तेवढी उघडी होती. मला चौथं मत कळणार होतं, त्याहून एक अक्षर जास्त नाही.

त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि नाव सांगितलं. आवाज स्वच्छ, एकेक अक्षर सुटं, ट्रंककॉल जोडून देताना सांगत असतील तसं. ते ऐकून माझा चेहरा काय झाला, ते आत्यांना दिसलं नाही हे बरं. मी बटण दाबलं नाही. त्यांचं बोट धरून त्या बटणावर नेलं आणि सोडून दिलं. दाबलं त्यांनीच. यंत्र वाजलं. रांगेत दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या, केंद्राध्यक्षांनी त्यांना लटकंच दटावलं. आत्यांनी पदर उचलला तो दिवे विझल्यावर.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर त्या टेकल्या. बोट डोळ्यांसमोर धरलं, उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं, नजरेच्या कडेला कुठे सापडतंय का ते बघितलं. मग हात माझ्यापुढे केला. "कशी लागलीय हो शाई?" मी सांगितलं, "नखापासून खालपर्यंत, ठळक." त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "आणि तुम्ही आत काय ऐकलंत?" "काही नाही." "शाबास."

घरी माझी जी उलटतपासणी झाली, ती अजून चालू आहे. बायकोने बासुंदी करून पाहिली, अबोला धरून पाहिला. सासऱ्यांनी मला प्रथमच आपणहून फिरायला नेलं. मी एवढंच सांगतो, की सासरे आणि मेहुणा, दोघांनाही आपापली खात्री निदान पाव भागाने कमी करावी लागेल. मत कुठे गेलं, ते सांगणार नाही. निकालाच्या दिवशी आत्यांनी मला फोनवर सगळा निकाल वाचायला लावला. त्या नावाशी आल्यावर मी आवाज होता तसाच ठेवला, असं मला वाटलं. पलीकडून उत्तर आलं, "आवाज हलला तुमचा. तुम्हाला एक्स्चेंजमध्ये कुणी घेतलं नसतं."

परवा गेलो होतो. आता कडेचंही फारसं दिसत नाही. मी हाक मारली, तेव्हा त्यांचा चेहरा सरळ माझ्याकडे वळला. खांद्यापलीकडे बघायची गरजच उरली नव्हती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "पुढच्या महापालिकेलाही तुम्हीच या हो. आणि पुढच्या वेळी मी पदर टाकणार नाही. चारही सांगेन."

ज्या गोष्टीसाठी सगळं घर इतकी वर्षं टपून बसलंय, ती मला अशी सहज मिळत होती. पण मला ती नकोशी वाटली. मी म्हटलं, "नाही आत्या. पदर टाकायचा. सापडेपर्यंत मी थांबेन, रांगेतले लोकही थांबतील."

त्यांनी माझं मनगट सोडलं. म्हणाल्या, "तर मग ती झाकणं काढा वर माळ्यावरून. हाताची सवय मोडलीय माझ्या." मी स्टूल घेतलं आणि झाकणं उतरवायला चढलो.