म्हसोबाला कोणत्या वाटेनं गेलात?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वकिलाला नाही, मुलाला तर नाहीच. बायकोला सांगावं लागलं नाही — तिला माहीत होतं. मग आताच का? तुम्ही ऐकून घेताय, म्हणून म्हणा हवं तर.

कसबा बावड्याला आमचं शेत, आणि त्याच्या मागं अक्काताईंचं. त्या विधवा, मूलबाळ नाही, तोंडानं फटकळ. त्यांचा ऊस रस्त्याला यायचा तो आमच्या शेतातल्या वाटेनं, माझ्या आजोबांच्या काळापासून. मला तिथं मुलासाठी बंगला बांधायचा होता आणि वाट नेमकी मधून जात होती. कडेला सरकवता आली नसती का? आली असती. पण मी तारेचं कुंपण घातलं. त्यांनी दावा लावला.

दिवाणी दाव्यात एक सोय असते. कोर्टाच्या परवानगीनं समोरच्या पक्षाला लेखी प्रश्न विचारता येतात, आणि त्यानं शपथेवर लेखी उत्तरं द्यायची असतात. मला आलेले प्रश्न बहुतेक नेहमीचे होते — वाट कधीपासूनची, रुंदी किती. एक मात्र अक्काताईंनीच सुचवलेला असणार. लग्नानंतर तुम्ही नवरा-बायको म्हसोबाला कोणत्या वाटेनं गेलात?

आमच्यात नवी जोडी आधी शेतातल्या म्हसोबाला नारळ फोडून येते. आमचा म्हसोबा अक्काताईंच्या बांधावर. म्हणजे उत्तर एकच होतं — त्याच वाटेनं.

वकील म्हणाले, “नाही म्हणू नका, अंगलट येईल. आठवत नाही म्हणा. ते कोण खोटं पाडणार?”

तसंच लिहिलं. सही केली.

सुनंदानं — माझ्या बायकोनं — ते वाचलं आणि जेवायला वाढलं. त्यानंतर लग्नाचा विषय तिनं घरात कधी काढला नाही.

अक्काताईंच्या बाजूनं साक्ष देतील अशी जुनी माणसं वारलेली. दावा फेटाळला गेला. त्यांचा ऊस ओढ्यातून, बायकांच्या डोक्यावरच्या मोळ्यांनी निघू लागला. मला वाईट वाटलं का? वाटलं. कुंपण काढलं का? नाही.

पण खरं सांगायचंय ते हे नाही — ते पुढंच आहे.

मी शिव्यांची वाट बघत होतो. निकालानंतर त्या घरी आल्या आणि सुनंदाला म्हणाल्या, “त्येला बोलू नगंस गं. वयाचं आसंल. डाक्टरला तेवढं दाखीव.”

त्यांना माझं उत्तर खरं वाटलं होतं! शेजारचा बाबू शपथेवर खोटं बोलेल, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. मग भेटतील तिथं मला आठवण करून द्यायला लागल्या. “आठवतंय का बघ की बाबू. तुज्या बायकूच्या पायात काटा मोडला हुता. शेल्याची गाठ न सोडताच तू काटा काढाय खाली बसलातास. मी हसले हुते.” आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबायच्या, आजाऱ्याकडं बघावं तसं. मीही जरा विचार केल्यासारखं करायचो, आणि मान हलवायचो — नाही.

पुढं त्या वारल्या. त्याआधी भेटायला गेलो तर खाटेवरून माझा हात धरून त्यांनी तोच काटा पुन्हा सांगितला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. वकील नव्हता, कोर्ट नव्हतं, दावा तर केव्हाच संपलेला.

मी तेव्हाही मान हलवली.