हरळीचं औषध

तेव्हा मी रांजणगावच्या एका कंपनीत बागेचा सुपरवायझर होतो. मूळचा दौंडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. पण शेतकी डिप्लोमा झाल्यापासून मला हरळीला हरळी म्हणायची लाज वाटायची. कंपनीच्या दारातल्या लॉनला मी ऐटीत ‘बर्म्युडा’ म्हणायचो. ज्या गवताच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या चिवट मुळ्या, रानातून वेचता वेचता माझ्या आईची कंबर गेली, तेच की हे गवत! शिकला तो हुकला म्हणतात, ते माझ्याकडं बघूनच.

एका वर्षी एप्रिलमध्ये लॉन पिवळं पडलं. मॅनेजरसाहेबांना ते गालिच्यासारखं तुळतुळीत हवं असायचं, म्हणून मी दिवसाआड गवत कापायचं मशीन अगदी जमिनीलगत फिरवायचो आणि रोज दुपारी पाइपानं वरवर पाणी मारायचो. आधी युरिया टाकला, मग बुरशीचं औषध मारलं, मग किडीचं. लॉन काही ऐकेना.

खुरपायला कारेगावच्या एक मावशी यायच्या. एकदा साहेब लॉन बघायला आले, तर त्या त्यांच्यासमोरच मला म्हणाल्या, "रानातली हरळी मारायची आसली की आमी आसंच करतो. वर आली की काप, परत आली की परत काप. काशा थकून मरत्यात. तुमी तेच करताय, साहेब. मशीनचं पातं जरा वर घ्या. पानी चार दिसांनी द्या, पन खोल मुरू द्या."

मॅनेजरसाहेब हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "खुरपं धरता येतं म्हणून मला अक्कल शिकवू नका!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "चुकलं, साहेब," म्हणून त्या खाली बसून पुन्हा खुरपायला लागल्या. दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरला सांगून मी त्यांना कामावरून काढलं. आणि मग, कोडग्यासारखं, त्यांनी सांगितलं तेच केलं. महिनाभरात लॉन हिरवंगार झालं. साहेबांनी पाठ थोपटली, ती मी थोपटून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात शिरूरच्या एसटी स्टँडवर मावशी समोर आल्या. मला वाटलं, आता ही बाई चार शिव्या घालणार. घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"साहेब, जगलं का वो तुमचं गवत?"

"जगलं."

"बरं झालं बया! जिवाला घोर लागला व्हता." मग जवळ येऊन म्हणाल्या, "मला एका शाळंत बागंचं काम मिळालंय. तितलं गवतबी आसंच पिवळं पडलंय. हेडबाई म्हंत्यात, आठ दिसांत सुधारलं न्हाई तर दुसरी बाई बघू. मी पानी तोडून बघनार व्हते, पन आपल्या आडान्याला काय कळतंय? तुमी कंचं औशिद मारलं?"

‘तुमचंच’, एवढा एकच शब्द बोलायचा होता. आईशप्पथ, ओठांवर आला होता. पण शेजारी आमच्याच कंपनीतले दोघं बसची वाट बघत उभे होते, कान देऊन ऐकत. मी खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या चिठोऱ्यावर एका बुरशीनाशकाचं नाव लिहून दिलं.

मावशींनी कागदाची घडी कमरेच्या पिशवीत जपून ठेवली. "लई उपकार झालं, साहेब," म्हणत हात जोडले.

आणि मी म्हणालो, "दोनदा मारा. म्हणजे नक्की फरक पडेल."