मोरचुदाचं पाणी

फवारणीवाले आमच्या गावात दसऱ्यानंतर येत आणि बायका दिवाळीआधी भिंती सारवत. डीडीटीवर शेणमातीचा हात फिरला की तिचा उपयोग संपतो, हे खरंच आहे. पण फवारणी महिनाभर पुढे ढकलावी असं कुणाही साहेबाच्या मनात कधी आलं नाही. हिवताप आला की दोष सारवणाऱ्या बाईचा. मला याचा राग अजूनही येतो.

मी नाशिकला इंग्रजी शाळेत होते. सुट्टीत सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावी आले की घरातल्या अहिराणीत माझी जीभ अडखळे, म्हणून मी गप्प बसून बघत राही. त्या दिवाळीत मी डास बघितले. आमचं घर पक्कं, चुन्याच्या भिंतींचं. तिथे सारवणाचा प्रश्नच नव्हता. देवघराच्या भिंतीवर फवाऱ्याचे पांढरे फराटे तसेच होते आणि त्यांच्यावर डास निवांत बसले होते. पूर्वी फवारणीनंतर ते सकाळी जमिनीवर मरून पडलेले दिसत. आता ते आमचं रक्त पिऊन त्याच भिंतीवर विसाव्याला जात.

गोठ्यामागे आमच्या सालदाराचं कुडाचं घर होतं आणि त्याला लागून एक डबकं. ज्वारीवर काणी, म्हणजे कणसातली काळी बुरशी, पडू नये म्हणून काका दर पेरणीला बियाणं मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या क्षाराच्या, पाण्यात भिजवत. उरलेलं निळं पाणी डबक्यात ओतलं जाई. आजोबांच्या काळापासून हेच चाललेलं. तळाचा चिखल हिरवट झाला होता. त्या पाण्यात बेडूक टिकत नसत, अळ्या खाणारे मासे सोडले तर तेही मरत. डासांच्या अळ्या मात्र वळवळत असत. ज्या डासांच्या कित्येक पिढ्या तांब्याच्या विषातून तरून निघाल्या, त्यांना भिंतीवरचं विषही सोसू लागलं असेल का? मला हे सिद्ध करता येत नाही. पण त्या पाण्याकडे कुणी वाकून बघितलंसुद्धा नाही.

गल्लीत हिवताप पसरला तेव्हा मलेरियाचे साहेब आले. सालदाराच्या बायकोची ताजी सारवलेली भिंत त्यांनी नखाने खरवडली.

"सरकार औषध मारतं, आणि तुम्ही त्यावर शेण फासता?"

"साहेब, दिवायीले घर सारवानं नही का?" ती म्हणाली. "लक्ष्मी काय तुम्हना पावडरवर येस?"

जमलेली माणसं हसली. साहेबांना ते लागलं. ते काकांना म्हणाले, "हे घर इथून हलवा. सगळ्या गल्लीला ताप यांच्यामुळे."

जागा आमची होती, म्हणजे काकांची. ते म्हणाले, "दोन दिनमा घर उचली ल्या. नालाना काठवर जागा शे."

 ती हळूच म्हणाली, "आप्पा, तुम्हनी भित कोणी सारवी?"

 उत्तर मला ठाऊक होतं. माणसांत बोलायची मला सवय नव्हती, तरी मी बोलले. "आमच्या भिंतीवर कुणी सारवलेलं नाही. डास तिथेही मरत नाहीत. तुम्ही येऊन बघा. आणि हे डबकं..."

"ताई, इंग्रजी शाळेत डासपण शिकवतात वाटतं?" साहेब म्हणाले.

पुन्हा सगळे हसले. काका म्हणाले, "पोरगी वाची वाची येडी व्हयनी. पाणी कुठे तरी ओतनंच पडी ना?"

साहेब आमच्या ओसरीवर चहा प्यायले. देवघर तिथून दहा पावलांवर होतं. ते उठून आत गेले नाहीत. चहा पिताना एक डास त्यांच्या मनगटावर बसला, तो त्यांनी चापटीने मारला आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

दिवाळीच्या पाडव्याला नवरा-बायकोने कूड सोडवला, मेढी उपटल्या. सारवलेल्या भिंतीचे पोपडे गाडीत पडत होते. बैलगाडी आमचीच, काकांना यात आपला दयाळूपणाच दिसत होता. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी कडब्याची गंजी रचायला सांगितली. डबकं होतं तिथेच राहिलं. पुढच्या आठवड्यात काकांच्याच नातवाला हुडहुडी भरली.

मी सुट्टी संपवून निघाले त्या सकाळी सालदाराची बायको शेण काढायला आली, तेव्हा ऊन गोठ्यात शिरलं होतं.

"आज उशीर का व्हयना?" काकांनी विचारलं.

तिने पदर खोचला, पाटी उचलली. "वाट लांब करी दिन्ही ना तुम्ही, आप्पा," ती म्हणाली आणि शेणाला हात घातला.