फराळाचं ताट

“आईंना हल्ली काही आवडतच नाही बघ, नुसते नखरे,” म्हणत मावशीने तिच्या सासूबाईंसमोरचं, आजींसमोरचं फराळाचं भरलेलं ताट उचललं.

आजी चकलीचा तुकडा गालात धरून भिजवत होत्या. त्यांची तुटलेली कवळी मी सकाळीच बेसिनपाशी पाहिली होती. दिवाळीचा तिसरा दिवस. फराळ आहे म्हणून घरात कुकर लागलाच नव्हता. आजींच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

म्हातारी माणसं भरल्या घरातही उपाशी राहू शकतात. त्यांनी नको म्हटलं की त्यांचं पोट भरलं असं आपण धरून चालतो, आणि सणाच्या दिवशी तक्रार करायची नाही हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. सकाळपासून गप्प तर मीही होते.

“मावशी,” मी म्हणाले, “मऊ भात लावशील? आम्हा दोघींपुरता.”