आमच्या साडूंची फ्रेंच कविता

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात फ्रेंच भाषेतला कवी एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला नशीब म्हणावं की तकलीफ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी वसमतच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. दिवाळी अंकांना कविता पाठवून पाठवून पोस्टमन घरचा झाला, पण कविता काही छापून आली नाही. आणि कुरुंद्याचा हा माणूस, ज्याच्या तोंडून दिवसभरात 'व्हय', 'न्हाई' आणि 'बघू' यापलीकडे मराठी निघत नाही, तो परक्या भाषेत दोन पुस्तकं लिहितो आणि वर बक्षीस मिळवतो. आता बोला.

साडूभाऊ मूळचे बोअरच्या गाडीवरचे. जमिनीला भोक पाडायचं आणि पाण्याची वाट बघत बसायचं, हा धंदा. हात चांगला बसला म्हणून एका कंपनीनं त्यांना आफ्रिकेत नेलं. देशाचं नाव ते दर वेळी नीट सांगतात आणि मी दर वेळी विसरतो. तिथला कारभार सगळा फ्रेंचमध्ये. पाणी कुठं लागेल हे विचारण्यापुरती शिकलेली भाषा कवितेपर्यंत कशी गेली, असं मी एकदा विचारलं. "बोअर चालू असताना बसूनच राहावं लागतंय, गुरुजी," एवढंच म्हणाले. बसलेला माणूस पत्ते कुटतो, विड्या ओढतो. हे कविता करायला लागले. पहिली तिथल्याच एका वर्तमानपत्रात आली, मग पुस्तक निघालं. पुढं नोकरी सोडून कुरुंद्याला परतले, हळद लावायला लागले, तरी बांधावर बसून मोबाईलवर लिहिणं काही सुटलं नाही. दुसरं पुस्तकही तिकडंच निघालं, आणि बक्षीस त्याला लागलं.

सवयी तर काय सांगाव्यात. ओळ जुळवताना ते हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत चालतात. हळद काढणाऱ्या बायांना वाटलं, आपली हजेरी मांडून राहिले. त्या दिवशी काम दुप्पट झालं म्हणतात. माणसांशी अबोला, पण म्हशीशी फ्रेंचमधून तासभर बोलतील, आणि म्हैसही मान हलवते. बक्षिसाची बातमी फुटल्यावर तर गाव परदेशी अक्षरांची जी वस्तू सापडेल ती घेऊन त्यांच्या ओट्यावर. एकानं दुबईहून आलेली अत्तराची बाटली आणली. साडूभाऊंनी ती डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली. सगळे जीव मुठीत धरून उभे. शेवटी म्हणाले, "डोळ्यात जाऊ देऊ नका." लोक तृप्त होऊन घरी गेले.

बक्षीस म्हणजे लाकडात कोरलेला एक पक्षी. तो कुठला, हे कुणालाच कळलं नाही, त्यामुळं अक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, त्याला टीव्हीवर बसवून रोज पुसायला सुरुवात केली. सरपंचांनी सत्कार ठरवला आणि चौकात फ्लेक्स लागला. त्यावर साडूभाऊ हात जोडून, मागं पॅरिसचा तो उंच मनोरा. मी फ्रान्स पाहिलेलंसुद्धा नाही, असं ते सांगून राहिले होते, पण कुणी ऐकेना. फ्रान्सला न जाता फ्रेंच कशी येते, हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडं आले. मी समजावलं, मग माझंच डोकं गरगरलं.

पण खरा घोळ अक्कांच्या मनात होता. पक्षी पुसता पुसता एक दिवस त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "मानूस घरात दोन शब्द बोलत न्हाई. तिकडच्या भाषेत दोन पुस्तकं भरून बोललंय. कुणाशी बोललं असंल गं?" साडूभाऊ तिकडं असताना घर, रान, लेकरं, सासू, सगळं या बाईनं एकटीनं ओढलं होतं. रोज फोन करायच्या. हे तिकडून फक्त सांगणार, पाणी लागलं किंवा न्हाई लागलं. आता पुस्तकाचं मराठी करून सांगा म्हटलं, तर उत्तर एकच, बघू. त्या बघूनं अक्कांची झोप उडाली. तिकडं दुसरी कुणी असेल, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण जेवण सुटलं.

बायकोनं मला कामाला लावलं. मराठी शिकवता म्हणजे कविता कळायला पाहिजे, मग ती कुठलीही असो, असा तिचा हिशेब. मी पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून मोबाईलला भाषांतर मागितलं. तो म्हणाला, 'ती दूरवरून बोलते. ती विचारते आहे की तू खाल्ले आहेस काय. तिच्या म्हशीने जन्म दिला आहे.' बाई होती तर. आणि म्हैसवाली होती. आफ्रिकेत म्हशी असतात का, हे मी आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांना विचारलं. असतात, म्हणाले, पण रानटी, सिंहाला उडवतात. असली म्हैस पाळणारी बाई डोळ्यांसमोर आली आणि अक्कांचं कसं व्हायचं, या विचारानं मी पार खचलो. घरी सांगितलं, की मोबाईलला फ्रेंच येत नाही. बायकोनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ती आत गेली.

सत्काराला मंदिराचा सभामंडप भरला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, सरपंचांनी फ्रान्सवर भाषण केलं. मग साडूभाऊंनी बक्षीस मिळालेली कविता फ्रेंचमध्ये म्हटली. गप्प राहिलं तर अपमान होईल म्हणून लोक प्रत्येक ओळीला टाळ्या वाजवत होते. ते खाली बसणार, तोच बायकांच्या बाजूनं अक्का उभ्या राहिल्या. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली बाई. म्हणाल्या, "आता मराठीत सांगा. मला ऐकायचं हाय." मी मान खाली घातली.

साडूभाऊंनी शालीनं तोंड पुसलं. मग सपाट आवाजात सांगायला लागले, "काळी म्हैस व्याली. पारडी झाली. धाकट्याला ताप होता, उतरला. हळदीला पाणी कमी पडून राहिलंय. आत्याबाईचे गुडघे दुखून राहिले. तुमी जेवले का? तिकडं पाणी लागलं का?"

टाळी कुणीच वाजवली नाही. कविता सुरू व्हायची आहे की संपली, हे कळेना. अक्का तेवढ्या टक लावून बघत होत्या.

"हे तर मी फोनवर बोलले होते."

"व्हय."

"मंग तुमची कविता कुठं हाय यात?"

"म्हणून तर मराठी करत नव्हतो," साडूभाऊ म्हणाले. "मराठीत ती तुझीच हाय."

त्यांच्या तोंडून एवढं मराठी एका दमात मी पहिल्यांदा ऐकलं. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता रडतील. पदराआडूनच म्हणाल्या, "मंग शाल काहून तुमी पांघरली?" मंडप हसला. साडूभाऊंनी शाल काढली, नीट घडी केली आणि माझ्या बायकोच्या हाती बायकांच्या बाजूला पाठवून दिली. श्रीफळाचं काय करायचं, हे सरपंचांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

सगळं गोड झालं असं वाटलं, तर पुढं नवाच घोळ. आपलं बोलणं पुस्तकात जातं हे कळल्यावर अक्का जपून बोलायला लागल्या. म्हैस दूध देत नाही हेसुद्धा आकाशवाणीवर सांगावं तसं. साडूभाऊंची बोटं थांबली. बांधावर नुसतेच बसायचे, म्हशीशीही बोलेनात. विचारलं तर म्हणाले, "कोरडं गेलं, गुरुजी." मला फार वाईट वाटलं.

परवा कुरुंद्याला गेलो होतो. ओट्यावर आम्ही दोघं चहा घेऊन बसलो होतो. आतून अक्का शेजारणीच्या शेळीवर, तिनं खाल्लेल्या मेथीवर आणि ते बघत बसून राहिलेल्या आपल्या नवऱ्यावर तोंड सोडून राहिल्या होत्या, पुस्तकाचं भान पार विसरून. चहा गार होऊन राहिलाय, तो तरी प्याल का, असं शेवटी विचारलं. साडूभाऊ म्हणाले, "व्हय." चहाला हात लावला नाही. मी खाली बघितलं, तर त्यांचा अंगठा बोटांवरून हळूहळू सरकत होता.

मी अक्कांना यातलं काही सांगितलं नाही.