विचारतील तेवढंच

शेकायच्या गरम मेणाचा वास आला, की फिजिओथेरपी कॉलेजातलं ते स्टूल आठवतं. माझा आखडलेला खांदा विद्यार्थ्यांना सोडवायचा प्रश्न म्हणून दिला होता. "ताई, विचारतील तेवढंच सांगायचं," त्यांच्या बाईंनी मला बजावलं होतं.

मुलं कोनमापकाने हात मोजत होती.

"नव्वद अंशांच्या वर जात नाही."

"अरे, तू नीट धरलंच नाहीस."

कळ कुठे, कधीपासून. मी निमूट उत्तरं देत होते. हात अडला होताच, आता मीही अडले. दुखण्याने माझं काय हिरावलं, ते कुणी विचारीना, आणि आपणहून सांगायची मुभा नव्हती. खरं दुःख योग्य प्रश्नाची वाट पाहत असंच बसून राहत असेल.

एक मुलगी माझ्या पाठीवर मोकळ्या पडलेल्या केसांकडे पाहत थांबली. मग हळूच म्हणाली, "वेणी घालता येत नाही?"