हिरव्या झेंडीचा दावा

वाहतुकीची शिस्त पूर्णपणे समजलेला माणूस साऱ्या गोंदिया जिल्ह्यात एकच होता. तो सालेकस्यात माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आणि भरदिवसा, कोरड्या रस्त्याच्या कडेला, स्वतः एका जागी उभा असताना त्यालाच जीपने उडवले. हे तिन्ही मुद्दे मी पूर्ण जबाबदारीने मांडतो, कारण तिसरा न्यायालयात सिद्ध झाला आहे आणि पहिले दोन मी स्वतः पाहिलेले आहेत.

आम्ही सारे त्यांना मामाजी म्हणत असू. रेल्वेत ते चाबीवाले होते. चाबीवाला म्हणजे लांब दांड्याचा हातोडा खांद्यावर टाकून रोज ठरलेले अंतर रुळांवरून पायी तपासणारा आणि रूळ जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून घट्ट करणारा कर्मचारी. गाडी आली की त्याने रुळापासून दूर व्हावे, तिच्याकडे तोंड करून उभे राहावे, चाकांपासून छतापर्यंत तिला न्याहाळावे; सारे ठीक असल्यास हिरवी झेंडी दाखवावी, खोट दिसल्यास लाल. मामाजींनी हे तीस वर्षे केले. निवृत्त होताना झेंड्या आणि हातोडा जमा करावा लागला, तेव्हा त्यांनी मामींच्या जुन्या लुगड्यांतून दोन नव्या झेंड्या शिवून घेतल्या, लोहाराकडून तसाच हातोडा करवून घेतला आणि रेल्वेची शिस्त रस्त्याला लावली. दुधवाल्याची सायकल असो, धानाचा ट्रक असो की नवरदेवाची सजवलेली गाडी, मामाजी कडेला सरकत, डोळे बारीक करून तपासणी करत आणि मगच तिला हिरवी मिळे. एकदा तर बँडवाले गाणे अर्ध्यावर थांबवून तपासणी संपण्याची वाट पाहत उभे होते. लोक हसत. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या स्कूटरला मात्र भर बाजारात लाल झेंडी मिळाली. ते संतापून खाली उतरले आणि पाहतात तो, मागे बसलेल्या वहिनींचा पदर चाकापासून दोन बोटांवर. त्या दिवसापासून मुख्याध्यापक स्कूटरवरून जाताना मामाजींना स्वतःहून आधी नमस्कार करू लागले. पादपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन पाहत चालावे, हा नियम मी वर्गात तोंडी शिकवत असे. मामाजी तो चालून दाखवत असल्यामुळे मी मुलांना सरळ खिडकीशी नेत असे.

अपघात झाला तो प्रवासी वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपने. मामाजींनी रीतसर कडेची माती गाठली, गाडी न्याहाळली, हिरवी दाखवली. चालकाला वाटले, कोणी प्रवासी फडके हलवून बोलावतो आहे. त्याने जीप डांबरावरून थेट मातीवर घेतली आणि ब्रेक उशिरा लागला. मी धावत पोचलो तेव्हा मामाजी धानाच्या बांधाला टेकून पडले होते, उजवा गुडघा पाहवत नव्हता, आणि चार माणसे त्यांना उचलायला वाकली होती.

“हात नोका लावू,” मामाजी म्हणाले. “आंधी डांबरापासून मोजा. गुरुजी, तुमी लिवा.”

मोजल्याखेरीज ते हलेनात. शेवटी त्यांच्याच हातोड्याने मोजले. डांबराच्या कडेपासून दोन हातोडे आणि एक वीत. मी वहीत लिहिले, चौघांच्या सह्या घेतल्या, मग ते दवाखान्यात जायला तयार झाले. पुढे पोलिसांच्या पंचनाम्यात फीत लागली, तेव्हा हातोड्याचे माप तंतोतंत जुळले.

भरपाईचा दावा दाखल करण्याच्या कामात मी, सांगायला संकोच वाटतो, अतिशय आनंदाने शिरलो. पोलिसांकडची प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, विम्याची प्रत अशी क्रमवार धारिका मी लावली. मुलांच्या प्रगतिपुस्तकांनाही एवढे सुबक दोरे मी कधी बांधले नव्हते. मामाजींना भरपाईत फारसा रस दिसेना. जीपच्या विमा कंपनीचे लेखी उत्तर मी वाचून दाखवले, त्यात ‘अपघात अर्जदाराच्याच चुकीने घडला’ असे एक वाक्य होते. ते ऐकून मात्र त्यांनी हातातला कप खाली ठेवला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावापुढे एकही ठपका नव्हता. आता रेल्वे सुटल्यावर तो लागणार होता. दोन दिवस ते जेवले नाहीत, असे मामींनी मला भिंतीपलीकडून सांगितले.

साक्षीच्या दिवशी आम्ही सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाच्या न्यायालयात गेलो. प्रथमच परीक्षेला बसणाऱ्या मुलासारखे मी गाडीत धारिकेचे दोरे चार वेळा सोडून पुन्हा बांधले. कंपनीचे वकील हुशार होते. त्यांनी आवाज न चढवता विचारले की तुमच्या हातात कापड होते का. मामाजी हो म्हणाले. ते हलवले का? हलवले. मी डोळे मिटून घेतले. इतके प्रामाणिक उत्तर मी कोणत्याही विद्यार्थ्याला लिहू दिले नसते.

“म्हणजे जीप तुम्हीच बोलावलीत,” वकील म्हणाले.

“कापड कोन्त्या रंगाचं होतं, ते नाई इचारलं तुमी.”

“कोणत्या?”

“हिरवं. हिरवी म्हंजे जा, वकीलसाहेब. या म्हनून कोनी हिरवी दाखवते का?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. वकिलांनी विचारले, मग धोका दिसताच लाल का दाखवली नाही. “खोट गाडीत नोती. हाकनाऱ्यात होती. हाकनाऱ्यासाठी रेल्वेनं झेंडी नाई काढली अजून.”

न्यायाधीश बाईंनी मान खाली घातली, बऱ्याच वेळाने वर केली, आणि टंकलेखकाला ते उत्तर शब्दशः घ्यायला सांगितले. मी उठून उभा राहिलो होतो, हे मला शिपायाने खांदा दाबून बसवले तेव्हा कळले.

निकालाची प्रत काही महिन्यांनी आली. इंग्रजीत होती, म्हणून मामाजी ती घेऊन माझ्या ओसरीवर आले. आमच्या दोन दारांमधले अंतर त्यांनी मध्ये एकदा थांबून, भिंतीला हात टेकून कापले. मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. अर्ज मंजूर झाला होता. त्या एका वाक्याशी मी मुद्दाम थांबलो: ‘सदर अपघातात अर्जदाराचा कोणताही दोष आढळून येत नाही.’

त्यांनी ते पुन्हा वाचायला लावले, आणि मग मामींना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात तिसऱ्यांदा. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मामाजी हसले. माझ्यातला शिक्षक इतका खूश झाला होता की मी कलम कोणते लागले, तेही समजावून सांगू लागलो.

ते ऐकत होते. तळहात मात्र गुडघ्यावरून हळूहळू फिरत होता.

“माह्या दोष नाई म्हनते नं त्या कागदात,” ते म्हणाले, “त मंग पाय कायले दुखून राहिला, गुरुजी?”

मी कलम तेथेच सोडले. मी प्रत घडी करून त्यांच्या हातात दिली, आणि ओसरीवरून उतरताना त्यांना हात दिला.